कानातल्या दोन गोचिडी

आमच्या डॉक्टरांकडे सायकल होती, पण ते सायकलवर बसलेले मी चार वर्षांत दोनदाच पाहिले. सायकल सूक्ष्मदर्शकासाठी होती. कॅरिअरवर गोधडीची घडी, घडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी, पेटीवर आणखी एक गोधडी, आणि हे सगळं सुतळीनं आवळून बांधलेलं. डॉक्टर एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं पेटी धरून शेजारून चालत. मोठा खड्डा आला की आम्ही दोघांनी मिळून सायकल उचलून पलीकडे ठेवायची. कल्याणहून डोंबिवलीपर्यंत ते असे किती वेळा गेले याची गणती नाही. मागून मी असे. वाटेत कोणी विचारलं, डॉक्टर, पंक्चर झालं का, तर ते हळू आवाजात सांगत, "नाही. साहेब झोपलेत."

ते कल्याणच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर आणि मी त्यांचा नवा मदतनीस. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी तिथे रुजू झालो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. वडील मुरबाडच्या शाळेत शिपाई होते. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांची परवानगी काढून भर दुपारी शाळेची घंटा एकदा जास्तीची वाजवली होती. सगळी पोरं शाळा सुटली म्हणून बाहेर पडली आणि त्यांना परत वर्गात कोंबता कोंबता मास्तर लोकांची पुरेवाट झाली. ही हकीकत मी पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानानं डॉक्टरांना सांगितली. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी कायमचा 'पदवीधर' झालो. "पदवीधर, तो दोर धरा." "पदवीधर, शेपूट सांभाळा." त्यांच्या स्वतःकडे जुन्या काळची पदविका होती, आणि माझ्या पदवीबद्दल त्यांना खरंच आदर असावा, कारण शेपूट नेहमी तिच्याकडेच सोपवत.

लोक त्यांना मागून 'गोचीड डॉक्टर' म्हणत. पुढून म्हटलं असतं तरी त्यांना चाललं असतं. गोठ्यात शिरले की मालकाशी बोलण्याआधी ते गाईच्या कानात बोट घालून बघत. तिथे गोचिडी किती, कुठल्या जातीच्या, रक्त पिऊन फुगलेल्या की अजून चपट्या, हे कळल्याशिवाय ते 'कसं काय' एवढंही विचारत नसत. गाईंना ते अहो-जाहो करत. "बाई, जरा कान देता का?" असं म्हणून खरोखर क्षणभर थांबत. एखादीनं मान झटकली तर "बरं, मग थोड्या वेळानं" म्हणून बाजूला बसून राहत. बैलांना रावसाहेब म्हणत. मालकांना मात्र अरे-तुरे.

एकदा कोलशेतला एका लग्नाचं आमंत्रण होतं. वरातीची गाडी सजवून तयार, बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली, नवरदेव गाडीत चढलेला. डॉक्टर आशीर्वाद द्यायला पुढे झाले आणि हात गेला तो उजव्या बैलाच्या कानात. मग त्यांनी बैलाच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि गाडी सोडायला लावली. रावसाहेबांना ताप आहे, ते येणार नाहीत, असं त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाला शांतपणे सांगितलं. नवरदेव मुंडावळ्या सावरत चालत गेला. बैल वाचला, पण त्यानंतर कोलशेतला डॉक्टरांना लग्नाचं आमंत्रण आलं की त्यात वेळ नेहमी वरात निघून गेल्यानंतरची दिलेली असे.

गोचिडी ते काड्यांच्या रिकाम्या पेट्यांत साठवत. पेटीवर बारीक अक्षरात चिठ्ठी: 'माजिवडा, काळ्या गाईचा डावा कान'. घरातल्या एका फडताळात अशा पेट्यांची चळत होती. त्यांच्या पत्नींना आम्ही काकू म्हणायचो. एकदा काकूंनी चूल पेटवायला हाताला येईल ती पेटी उघडली आणि आंबिवलीच्या तांबड्या गाईच्या अकरा गोचिडी त्यांच्या तळहातावर चालू लागल्या. त्या किंचाळल्या नाहीत. पेटी आणि गोचिडी दोन्ही त्यांनी डॉक्टरांच्या जेवणाच्या पाटावर नेऊन ठेवल्या आणि 'वाढलंय' म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून गोचिडी दवाखान्यात, काचेच्या बाटल्यांत राहू लागल्या.

आता गोचिडींचं एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटायचं. गोचीड ताप म्हणून एक रोग आहे. गोचीड चावते, तिच्या तोंडातून अतिसूक्ष्म जंतू गाईच्या रक्तात जातात, तांबड्या पेशी फुटतात, ताप चढतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. वेळेवर औषध मिळालं नाही तर धडधाकट गाय चार दिवसांत जाते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. डॉक्टर तेच शेतकऱ्याला असं सांगायचे, "गोचीड म्हणजे पोस्टमन. पत्र तिचं नसतं, ती फक्त पोचवते. मोठ्या गाईला आयुष्यातलं पहिलं पत्र येतं ते तारेसारखं. तार आली की घरात काय होतं? वाचायच्या आधीच रडारड. पण तेच पत्र वासराला आलं तर ते वाचतं, दोन दिवस रुसतं आणि विसरतं. पुढे कितीही पत्रं आली तरी त्याला काही वाटत नाही."

आणि म्हणून ते वासरांच्या अंगावरच्या सगळ्या गोचिडी काढत नसत. गाईच्या काढत, म्हशीच्या काढत, पण दोन-चार महिन्यांच्या वासराच्या कानात दोन ठेवत. दोनच. तीन दिसल्या तर एक काढत.

माझ्या अंगावर काटा आला. गोचीड दिसली की काढावी, गोठा जंतुनाशकानं धुवावा, भेगा बुजवाव्यात, डीडीटी मारावी, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि इथे सरकारचा पगार घेणारा डॉक्टर वासराच्या कानात रोग राखून ठेवत होता. मी एकदा नम्रपणे पुस्तकातला उतारा वाचून दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला, दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि म्हणाले, "छान लिहिलंय. हा माणूस आंबिवलीला आला होता का?"

आंबिवलीला हिराबाई होती. आगरी बाई, पन्नाशीची, घरची भातशेती आणि बारा-पंधरा ढोरं. नदीपलीकडे तिच्याकडे जायचं म्हणजे होडीत डॉक्टर पेटी मांडीवर घेऊन बसत आणि सायकल मी धरायची. ज्याच्या जनावराचं रक्त काढलं त्याला ते सूक्ष्मदर्शकातून दाखवायचंच, असा डॉक्टरांचा नियम होता. हिराबाई पहिल्यांदा डोळा लावून बराच वेळ बसली. डॉक्टर कानाशी सांगत होते, तांबड्या पेशीत दोन पेरू बघ, देठाला देठ लावलेले, तेच तापाचे जंतू. ती म्हणाली, "डाक्टर, मना त माज्याच पापन्या दिसतान." पण तिनं डोळा काढला नाही. अर्ध्या तासानं तिला पेरू दिसले, आणि मग तिनं गावातल्या सगळ्या बायकांना रांगेत उभं करून ते दाखवले. मी ते पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले खरे, पण माझ्याकडून कोणाला पेरू दिसले असते की नाही याची शंका आहे.

मुख्य गोष्ट डोंबिवलीच्या आप्पांची आहे. तीत मी आहे, म्हणून ती सांगायला मला वेळ लागतो.

आप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं बैठं घर, मागे विहीर, विहिरीशेजारी गोठा. डोंबिवलीत तेव्हा घरं मोजकी आणि मोकळी रानं पुष्कळ. आप्पांची गाय अर्ध्या विलायती रक्ताची होती, लष्कराच्या दुग्धशाळेतून आणलेली. तिला ते रोज कार्बोलिक साबणानं अंघोळ घालत. गोठ्यात चप्पल घालून यायला बंदी होती. शेण पडायच्या आधीच आप्पा घमेलं घेऊन उभे असत, असं त्यांच्या पत्नी माई म्हणायच्या. त्या गोठ्यात गोचीड औषधालाही सापडत नव्हती आणि डॉक्टरांना नेमकी त्याचीच काळजी वाटत होती. गाईला झालेली कालवड तीन महिन्यांची झाली. तिचं नाव चंद्री. विलायती रक्ताला हा ताप जास्त बाधतो. आयुष्यात कधी तरी ती रानात जाणार, कधी तरी गोचीड चावणार, आणि तेव्हा ती तार असणार.

म्हणून एके दिवशी डॉक्टर हिराबाईच्या एका जुन्या, सगळं पचवून बसलेल्या गाईच्या अंगावरच्या दोन लहान गोचिडी बाटलीत घेऊन आप्पांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. काय करणार आहे ते सांगितलं. आप्पांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या फायलीवर कोणी शाईची दौत उपडी केली असावी. ते ठाम नाही म्हणाले. डॉक्टर मग वळले माईंकडे, कारण धार त्या काढत. टपालखात्याची सगळी कथा त्यांनी माईंना सांगितली.

माईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे देवी टोचतात तसं?"

 वीस वर्षं पोस्टमन, पत्रं आणि तारा यांची जी यातायात डॉक्टर करत होते, ती या बाईंनी चार शब्दांत संपवली होती. त्यांनी माईंना हात जोडले. माई म्हणाल्या, "दोनच ना? मग लावा." डॉक्टरांनी चंद्रीला रीतसर विचारलं, दोन गोचिडी तिच्या कानात सोडल्या आणि वर कापसाचा बोळा बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना तडकाफडकी शहापूरकडे जावं लागलं. तिकडे गुरांमध्ये बुळकांडी या जीवघेण्या रोगाची साथ होती आणि टोचणीसाठी महिनाभर मुक्काम पडणार होता. जाताना त्यांनी चंद्रीचं तापमान बघायचं काम माझ्यावर सोपवलं.

मी गेलो तेव्हा आप्पा फाटकातच उभे होते. त्यांनी मला विहिरीच्या बाजूला नेलं. माई देवळात गेल्या होत्या. आप्पा मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "गोचीड दिसली की काढावी."

"मग?"

 खरं सांगायचं तर त्या 'मग'चा मला आनंदच झाला. माझ्या पुस्तकावर विश्वास असलेला पहिला माणूस मला भेटला होता. मी टर्पेंटाइनचं बोट लावून चिमट्यानं दोन्ही गोचिडी काढल्या आणि कापूस पुन्हा होता तसा बसवला. आप्पांनी फरशीवर वहाण ठेवून त्या चिरडल्या. त्यासाठी त्यांनी आपला नियम मोडून गोठ्यात वहाण आणली होती.

महिन्यानं डॉक्टर परत आले. त्यांनी चंद्रीबद्दल विचारलं. मी म्हणालो, "ताप विशेष आला नाही." ते वाक्य खरं होतं. खोटं असतं तर मी ते एव्हाना विसरून गेलो असतो. डॉक्टर खूश झाले. ताप इतका हलका येऊन गेला म्हणजे पोरगी दणकट आहे, असं म्हणाले आणि त्यांनी वहीत नोंद केली. त्यांची एक लांबट, कापडी बांधणीची वही होती. तिच्यात वीस वर्षांतल्या प्रत्येक वासराची नोंद: कुठलं, कोणाचं, गोचिडी कधी ठेवल्या, ताप कधी आला, पुढे मोठेपणी काय झालं.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्यामागून चालत राहिलो आणि हळूहळू पुस्तकातून बाहेर आलो. हिराबाईची सगळी ढोरं गोचिडींनी भरलेल्या रानात चरत होती आणि एकही आजारी पडत नव्हतं. माजिवड्याचा एक गोठा असा होता, की तिथे बाहेरून आणलेली मोठी जनावरं तापानं जात आणि तिथेच जन्मलेली टिकत. वही मीच नीट अक्षरात लिहून काढू लागलो होतो. चंद्रीचं पान आलं की मी ते भरभर उलटत असे. डॉक्टरांचं बरोबर आहे हे मला पुरतं पटलं होतं, आणि जितकं पटत गेलं तितकं सांगणं अवघड होत गेलं.

मग आप्पांच्या घरामागचं रान गेलं. तिथे चाळी उभ्या राहू लागल्या, खडी आणि चुन्याचे ढीग पडले, गोठ्यात बांधलेल्या जनावरासाठी गवत कापायलाही जागा राहिली नाही. चंद्री दोन वर्षांची, अंगानं भरलेली झाली होती. तिला व्यायची वेळ येईपर्यंत आंबिवलीला हिराबाईकडे चरायला पाठवावं असं ठरत होतं. आप्पा दवाखान्यात विचारायला आले, की तिकडे गोचिडी फार, धोका नाही ना. डॉक्टर हसून म्हणाले, "बिनघोर पाठव. तिला देवी टोचल्यात."

मी सायकलवर पेटी बांधत होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुतळीकडे पाहिलं. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि डॉक्टरांनी माझ्याबद्दल वर अहवाल पाठवायचा होता. वडिलांनी मुरबाडला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. आप्पा कशासाठी गप्प बसले ते त्यांना माहीत. माईंना कळू नये म्हणून असावं.

तिसऱ्या आठवड्यात हिराबाईचा निरोप आला, की चंद्री तांबडं मुततेय. डॉक्टर, मी आणि आप्पा, तिघं होडीत बसलो.  चंद्री आंब्याखाली मान टाकून बसली होती. डोळे खोल गेलेले, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, श्वास घाईचा. डॉक्टरांनी तिथेच, पाट मांडून, सूक्ष्मदर्शक लावला. मी पाहिलं नसतं तरी चाललं असतं. पेरूंच्या जोड्याच जोड्या होत्या.

त्या काळी या तापावर ट्रायपान ब्लू नावाचा निळा रंगच औषध म्हणून शिरेतून देत. हिराबाईच्या चुलीवर पाणी उकळून, रंग विरघळवून, गाळून, कोमट करून आम्ही तो दिला. दोनदा टोचूनही मला शीर सापडली नाही. डॉक्टरांना वाटलं मी दमलो. त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली. बघता बघता चंद्रीच्या हिरड्या निळ्या झाल्या, डोळ्यांचा पांढरा भाग निळा झाला. आप्पांनी ते पाहून कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की हा औषधाचाच रंग आहे, काही आठवडे राहील. जगली तर, हे ते बोलले नाहीत.

मग हात न धुता ते ओट्यावर बसले आणि पिशवीतून वही काढली. चंद्रीचं पान उघडलं. 

"वीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत आलो," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, हिशेब चुकलेला कळल्यावर माणूस बोलतो तसं बोलले. "गोचिडी लावल्या होत्या, ताप येऊन गेला होता, तरी ही पडली. आता गावोगाव जाऊन सांगायला पाहिजे. आधी कोलशेत, मग माजिवडा."

हिराबाई चिडली. "माजी ढोरां कवा पडली आजारी? तुमचाच आयकून दोन-दोन ठेवताव ना आमी."

"तुझी शंभर चांगली राहिली तरी ही एक पुरे आहे, हिरा." त्यांनी पेन्सिल काढली आणि वहीचं पहिलं पान उघडलं. पानावर आडवी रेघ मारणार, तेवढ्यात मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा. मी काढल्या होत्या."

"काय काढल्या होत्या?"

"चंद्रीच्या गोचिडी."

आप्पा आपल्या चपलांकडे बघत होते. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली नाही.

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"किती तासांनी?"

"वीस-एकवीस तास झाले असतील."

"फुगल्या होत्या?"

"नाही. चपट्या होत्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी मोजून काढल्या."

मी खाली मान घालून उभा होतो. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यासाठी मी तयारीही करून ठेवली होती. पण वर पाहिलं तर डॉक्टरांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला होता. ते उठले, ओट्यावर दोन येरझारा घातल्या, हिराबाईला चहा टाकायला सांगितलं, आप्पांच्या पाठीवर निळ्या हाताची थाप मारली. आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटली. "म्हणजे पत्र गेलंच नव्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग बसून त्यांनी चंद्रीच्या पानावर भराभरा लिहिलं. वीस वर्षं त्यांना एक असं वासरू हवं होतं, ज्याच्या अंगाला गोचीड लागली नाही आणि जे मोठेपणी रानात गेलं. मुद्दाम तसं करायचा त्यांना धीर होत नव्हता. ते मी करून ठेवलं होतं.

"पदवीधर," लिहून झाल्यावर ते म्हणाले, "शास्त्रावर तुम्ही उपकार केलेत." मग त्यांचं लक्ष आंब्याखाली गेलं. चंद्री धापा टाकत होती. त्यांचा आवाज खाली आला. "उपकार तिनं केलेत. तिला कोणी विचारलं नाही. तुम्ही नाही आणि या आप्पानंही नाही."

मी क्षमा मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "माझी नको. माईंनी हो म्हटलं होतं. त्यांना तुम्ही जाऊन सांगायचं. मी सांगणार नाही."

आम्ही तीन दिवस आंबिवलीला राहिलो. मी चंद्रीजवळून हललो नाही. पेज पाजणं, पाठीवर ओलं पोतं, दर दोन तासांनी ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी निवळली आणि दुपारी तिनं हिराबाईच्या हातातली गवताची पेंढी ओढली. निळ्या तोंडानं. हिराबाई म्हणाली, हिला आता नजर लागायची नाही.

डोंबिवलीला गेलो तेव्हा माई तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी खडे काढायचं थांबवलं नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, "आणि हे?" आप्पा झोपाळ्यावर बसले होते. मी म्हणालो, "ते होते." माईंनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि आप्पांशी, आप्पांनीच मला सांगितलं त्याप्रमाणे, त्याहून कमी.

माझी नोकरी कायम झाली. अहवालात डॉक्टरांनी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही, आणि त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. मी पुढे पुष्कळ ठिकाणी काम केलं, पुष्कळ साहेब पाहिले. चुकीची कबुली ऐकून ज्याला आधी आनंद आणि मग राग आला, असा साहेब दुसरा भेटला नाही. मी जो काही डॉक्टर झालो तो त्या ओट्यावर झालो, मुंबईच्या कॉलेजात नव्हे.

पुढल्या वर्षाच्या अखेरीस चंद्री व्यायला घरी आली आणि तिला कालवड झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर डॉक्टर आंबिवलीहून बाटली घेऊन आले. सायकलवर साहेब झोपलेले, मागे मी. गोठ्यात माई आधीच उभ्या होत्या. डॉक्टरांनी बाटली आणि चिमटा माझ्या हातात दिला. "पदवीधर, या वेळी तुम्ही लावा."

मी वासराच्या कानाशी वाकलो. विचारल्याशिवाय हात लावायचा धीर झाला नाही. "बाई, जरा कान देता का," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. मी दोन गोचिडी कानात सोडल्या आणि कापसाचा बोळा बसवला.

बाहेर आलो तर माईंनी गोठ्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. डॉक्टरांना दिवसातून दोनदा आत जायची मुभा होती. आप्पांना आणि मला नव्हती. मी रोज दवाखान्याचं काम उरकून डोंबिवलीला जात असे आणि आप्पांबरोबर विहिरीच्या कठड्यावर बसत असे. आठव्या दिवशी वासरू दूध पीत नसल्याचं माई आतून डॉक्टरांना सांगताना ऐकू आलं. नवव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन थर्मामीटर झटकत आमच्यासमोरून निघून गेले. आप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. दोन शहाणी माणसं, बंद दारासमोर.

बाराव्या दिवशी संध्याकाळी आतून वासराचं हंबरणं ऐकू आलं, भूक लागल्यावर हंबरतात तसं. माईंनी येऊन कुलूप उघडलं. माई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"या आता," त्या म्हणाल्या. "हात मागे बांधून या."

आम्ही तसेच आत गेलो.